आईचा मणका आणि गाडीचे शॉकअप

एरवी मी इथे रक्तदाब, मधुमेह, डेंग्यू, थायरॉइड यांवर लिहितो. आज जुन्या गाडीला नवे शॉकअप कोणते बसवावेत यावर लिहिणार आहे. काही वाचकांना वाटेल, डॉक्टरांचं दवाखान्यात लक्ष राहिलं नाही वाटतं! पण शॉकअप निवडताना मी एकदा चुकलो आणि त्या चुकीची किंमत माझ्या आईच्या पाठीने मोजली. त्यात गाडीमालक म्हणून माझी एक चूक होती आणि डॉक्टर म्हणून दुसरी. दुसरी मोठी होती. दोन्ही सांगतो.

गाडी आणि रस्ता

माझी गाडी २००२ सालची फियाट पॅलिओ, १.६ लिटर इंजिनाची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. त्या वेळी सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत असायचा. सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, शंभराच्या आसपास अश्वशक्ती. आज हे आकडे किरकोळ वाटतील, पण तेव्हा एवढ्या लहान गाडीत एवढं इंजिन म्हणजे चैन होती. खऱ्या दोन दारांच्या स्पोर्ट्स कार आम्ही फक्त मासिकांतल्या फोटोत पाहिलेल्या. माझ्यासारख्या नव्या डॉक्टरची स्पोर्ट्स कार हीच. पेट्रोल फार पिते म्हणून लोक ती लवकर विकायला काढायचे, तशीच एक मला मिळाली. बायको म्हणाली, "एवढ्यात दुसरी नवी आली असती." तिचं खरं होतं. पण काही खरेद्या हिशेबाने होत नाहीत.

आमचं कनेरगाव नाका म्हणजे मराठवाड्याचं टोक. पैनगंगा ओलांडली की वाशीम जिल्हा, म्हणजे विदर्भ. हिंगोली-वाशीम रस्त्यावर माझं निम्मं आयुष्य गेलं. या भागातली जमीन काळी कापसाची. सोयाबीन, हळद, कापूस उत्तम येतो, पण रस्त्याला ही माती वाईट. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वरचं डांबर तिच्याबरोबर वर-खाली होतं आणि दोन-चार वर्षांत सरळ दिसणारा रस्ता लाटांसारखा होतो. खड्डा दिसतो, त्यामुळे चुकवता येतो. लाट दिसत नाही.

या लाटांचं एक गणित आहे. ताशी ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. रस्त्यावरच्या लाटा १२-१४ मीटरच्या अंतरावर असतील, तर गाडीला सेकंदाला साधारण सव्वा वेळा धक्का बसतो. साध्या गाडीचं धूड स्प्रिंगवर डोलतं तेही साधारण याच गतीने, सेकंदाला एक ते दीड वेळा. झोक्यावरच्या मुलाला नेमक्या क्षणी ढकललं की झोका वाढत जातो, तसं हे होतं. हा झोका थांबवणं, हे शॉकअपचं काम.

शॉकअप नेमकं काय करतो?

बहुतेकांचा समज असतो की गाडीचं वजन शॉकअप पेलतो. वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्याचा धक्काही आधी टायर आणि स्प्रिंगच घेतात. पण स्प्रिंगला घेतलेलं विसरता येत नाही, ती परत फेकते. एकदा दबली की ती वर-खाली, वर-खाली होत राहते. शॉकअप तिला शांत करतो.

आत एक नळी, नळीत तेल, तेलात बारीक भोकांचा आणि झडपांचा पिस्टन. पिस्टन हलला की तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, त्यात झोक्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. लांबच्या खराब रस्त्यानंतर शॉकअपला हात लावून पाहा, गरम लागेल. आणखी एक महत्त्वाची गोष्ट: पिस्टन जितका वेगाने हलेल, तितका शॉकअपचा विरोध जास्त. म्हणून तोच स्पीडब्रेकर ताशी १५ ने मऊ लागतो आणि ४० ने दगडासारखा.

स्ट्रट हा शॉकअपचा थोरला भाऊ. फोर्ड कंपनीतले इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि १९५० च्या सुमारास गाड्यांत आला. यात शॉकअपच चाकाचा खांब होतो. स्प्रिंग त्याच्यावर बसते आणि स्टिअरिंग फिरवलं की तो चाकाबरोबर वळतो. माझ्या गाडीत पुढे असे स्ट्रट आणि मागे साधे शॉकअप आहेत. स्ट्रट खराब झाला की नुसती गाडी हेलकावत नाही, चाकाचा कोनही बिघडतो.

शॉकअप एका दिवसात मरत नाही, आणि हीच त्याची अडचण. मोतीबिंदूच्या पेशंटला जशी धूसर नजरेची सवय होते, तशी आपल्याला डोलणाऱ्या गाडीची सवय होते. तेलाचे ओघळ, ब्रेक लावल्यावर नाक खाली घालणं, टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखी झीज, ही लक्षणं. बॉनेट दाबून सोडण्याची परीक्षा सगळे करतात, पण पूर्ण मेलेला शॉकअपच तिच्यात नापास होतो; अर्धा गेलेला आरामात पास होतो. ८० हजार किलोमीटरनंतर तपासून घेतलेले बरे. आणि हा फक्त आरामाचा प्रश्न नाही. उडणारं चाक रस्त्याला चिकटून राहत नाही आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

माझी पहिली निवड

माझे शॉकअप गेले तेव्हा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. त्याने उत्साहाने स्पोर्ट्स सेट शोधला. कडक शॉकअप आणि गाडी दीड इंच खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग. "बाबा, गाडी रुळावर चालल्यासारखी चालेल." माझंही मन कॉलेजातल्या पोरासारखं झालं. आमच्या मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "डॉक्टरसाहेब, हे इकडच्या रोडचं काम नाही." मी ऐकलं नाही. दवाखान्यात कोणी इंटरनेटवर वाचून औषध बदलून मागितलं की मी चिडतो, इथे मी तेच केलं.

पहिले काही महिने मजा आली. वळणावर गाडी जराही झुकत नव्हती. छोटा खड्डा कमरेत जाणवायचा, पण त्यालाच मी स्पोर्ट्स कार समजत होतो.

श्रावणात आईला घेऊन औंढा नागनाथला गेलो. आईचं वय तेव्हा ७६. पुढे बायको, मागच्या सीटवर आई आणि माझी बहीण, डिकीत पिशव्या. परत येताना एका गावाजवळ पट्टे नसलेला स्पीडब्रेकर उशिरा दिसला. वेग चाळिशीच्या आसपास असेल. पुढची चाकं कशीबशी गेली. मागची चाकं चढली तेव्हा "ठक्" असा आवाज आला आणि आईच्या तोंडून "अगं आई गं" निघालं. मी गाडी थांबवली. ती म्हणाली, "काही नाही रे बाप्पा, कंबर लचकली. तू चल."

मी चाललो. घरी येऊन पेनकिलर दिली, मलम चोळायला सांगितलं. तीन दिवस मी तिला "लचक आहे, जाईल" असं सांगत राहिलो. चौथ्या दिवशी तिला कूस बदलता येईना. तेव्हा मी पहिल्यांदा पेशंटसारखं तिला तपासलं. पाठीच्या मधोमध, कमरेच्या जरा वर, मुठीने हलकं ठोकलं आणि ती ओरडली. हिंगोलीला एक्स-रे काढला. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने चेपून पाचरीसारखा झाला होता. कॉम्प्रेशन फ्रॅक्चर.

माझी दुसरी चूक

एक्स-रे हातात घेऊन बसलो आणि मला आईची दोन वर्षांची एक तक्रार आठवली. ती म्हणायची, "साडी हल्ली पायात येते." आम्ही हसायचो. साड्या लांब झाल्या नव्हत्या, आई बुटकी झाली होती. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरहून जास्त कमी झाली असेल, तर मणक्यांचा एक्स-रे काढावा, हे मी स्वतः शिकलो होतो. ते घरात समोर होतं आणि मला दिसलं नाही. एक्स-रेमध्ये पाठीचा आणखी एक मणका आधीच चेपलेला होता. तो कधी चेपला ते कोणालाच कळलं नव्हतं. मणक्याची बरीच फ्रॅक्चर अशीच, "वयाची पाठदुखी" म्हणून निघून जातात.

नांदेडला डेक्सा तपासणी केली. टी-स्कोअर उणे ३.२ आला. उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस.

मणक्याच्या आतलं हाड भरीव नसतं. बांधकामावर बल्ल्यांची परांची असते तशी त्यात बारीक हाडकाड्यांची जाळी असते. उभ्या काड्या ओझं घेतात आणि आडव्या काड्या त्यांना वाकू देत नाहीत. ऑस्टिओपोरोसिसमध्ये आधी जास्त झिजतात त्या आडव्या काड्या. परांचीतल्या दोन आडव्या बांध्यांमधलं अंतर दुप्पट झालं, की उभी बल्ली चौथाई ओझ्यालाच वाकते, हा गणिताचा जुना नियम आहे. म्हणून हाड थोडं कमी होतं, पण ताकद त्याहून कितीतरी जास्त जाते. इंग्रजीत अशा आधाराच्या काडीला स्ट्रटच म्हणतात. माझ्या गाडीचे स्ट्रट नवेकोरे, कडक होते. आईच्या मणक्यातले झिजलेले होते. धक्का कोणी सोसायचा हे ठरलेलंच होतं.

आणि आई बसली होती मागच्या चाकांच्या जवळ. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ही जागा माहीत आहे. दोन्ही चाकांच्या मध्ये बसलेल्याला धक्का वाटून येतो, मागच्या चाकावर बसलेल्याला सगळाच्या सगळा. त्यात आखूड स्प्रिंगमुळे चाकाला वर यायला जागाच कमी राहिली होती. मागे दोन माणसं आणि सामान, त्यामुळे उरलेली जागाही संपली, आणि चाक थेट रबरी अडथळ्यावर जाऊन आदळलं. तो "ठक्" आवाज त्याचा.

दोष सगळा शॉकअपचा होता का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. मऊ गाडीतही त्या वेगाने तो मणका गेला असता कदाचित. ठिसूळ हाड, वेग, सीट आणि कडक गाडी, चारही गोष्टी जमून आल्या. पण त्यातल्या तीन माझ्या हातात होत्या, आणि चौथी मी वेळेत ओळखू शकलो असतो.

दुसरी निवड

आई बरी होईपर्यंत गाडी तशीच उभी होती. नंतर मी मिस्त्रींकडे गेलो. ते एकच वाक्य बोलले, "तुम्ही पेशंटला एकदम हाय पॉवरची गोळी देता का? लागेल तेवढीच देता ना? गाडीला पण तसंच."

समोर चार पर्याय होते.

पहिला, जुनेच शॉकअप भरून घेणं. नळीला भोक पाडून नवं तेल घालतात आणि वेल्डिंग मारतात. स्वस्त पडतं. पण आतल्या झिजलेल्या झडपा आणि सील तशाच राहतात, तेलाचा दर्जा कळत नाही. डावा-उजवा सारखा होईल याची खात्री नाही. नको म्हटलं.

दुसरा, भंगारातल्या गाडीचे काढलेले. कोणाचं किती आयुष्य उरलंय हे सांगता येत नाही. तेही नको.

तिसरा, उंची बदलता येणारे महागडे स्पोर्ट्स शॉकअप. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांसाठी ते उत्तम. माझा ट्रॅक हिंगोली-वाशीम.

चौथा, मूळ गाडीला होते त्याच मापाचे आणि साधारण तितक्याच कडकपणाचे नवे, सोबत मूळ उंचीच्या स्प्रिंग. हा पर्याय घेतला. मुलाने आधी पुण्याची नाना पेठ, मग कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घातला. या वेळी त्याने काही सुचवलं नाही, फक्त यादी मागितली. दोन नळ्यांचे, कमी दाबाचा नायट्रोजन भरलेले शॉकअप मिळाले. नुसत्या तेलाचा शॉकअप सलग खड्ड्यांत तापला की तेलाला फेस येतो आणि तो काही वेळ काम सोडतो. नायट्रोजनच्या दाबाने फेस कमी होतो. आमच्या रस्त्याला हे उपयोगाचं.

तुमच्याकडे जुनी, आवडती गाडी असेल तर एवढं लक्षात ठेवा:

शॉकअप आणि स्प्रिंग ही जोडी आहे. एकाच्या कडकपणाला दुसरा जुळला पाहिजे. मऊ स्प्रिंगला फार कडक शॉकअप लावला की दबलेली स्प्रिंग वेळेत उघडत नाही, सलग खड्ड्यांत गाडी खाली खालीच बसत जाते.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवू नका. दिसायला छान, पाठीला आणि ब्रेकला वाईट.

एकाच एक्सलवरचे दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना म्हणजे एक पाय लंगडा.

स्ट्रट बदलताना वरचं माउंट, त्यातलं बेअरिंग, रबरी स्टॉपर आणि धुळीचं कव्हर नवं घ्या. मजुरी एकदाच लागते. जुनं माउंट ठेवलं तर महिन्याभरात कटकट आवाज सुरू होतो आणि दोष नव्या स्ट्रटला लागतो.

बंद झालेल्या मॉडेलचे सुटे भाग वर्षानुवर्षं कपाटात पडलेले असतात. डब्यावरचं तयार केल्याचं वर्ष पाहा. रबर आणि सील न वापरताही वाळतात.

रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला सांगा. जॅकवर लोंबकळताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

आणि दबलेली स्प्रिंग घरी काढायला जाऊ नका. ती सुटली तर हाड मोडण्याइतकी ताकद तिच्यात असते.

पाठीसाठी एवढं करा

माझ्याकडे पाठदुखीचे निम्मे पेशंट शेतकरी आणि ड्रायव्हर. ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला बहुधा स्प्रिंगच नसते, जे काही असतं ते टायर आणि सीट. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला चार ते सहा वेळा होणाऱ्या कंपनांना सर्वांत जास्त डोलतं आणि ट्रॅक्टरचा हादरा त्याच्याच आसपास असतो. अशांनी चांगली, स्प्रिंगची सीट बसवून घ्यावी. तासाभराने उतरून चार पावलं चालावं. उतरल्या उतरल्या पोतं उचलू नये.

घरात साठीपुढची बाई असेल, तर तिला लांबच्या प्रवासात पुढच्या सीटवर बसवा. स्पीडब्रेकर दिसला की पूर्ण वेग कमी करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, गोलाकार आणि ताशी २५ किमीसाठी असतो. गावोगावी जे असतात त्यांना या मापाची ओळख नसते. म्हणून वेग ठरवताना २५ वरही विसंबू नका.

उंची कमी होणं, पाठीला पोक येणं, किरकोळ धक्क्याने किंवा वाकून घागर उचलताना पाठीत अचानक कळ येणं, ही ऑस्टिओपोरोसिसची लक्षणं असू शकतात. डेक्सा करून घ्या. एक मणका चेपला आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण पाचातल्या एकीला पुढच्या वर्षभरात दुसरा चेपतो. उपचार आहेत. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व पायाला लागतंच, पण फ्रॅक्चर झालेल्यांना त्यावर थांबता येत नाही. हाड टिकवणारी वेगळी औषधं लागतात आणि ती किडनी, दात तपासून डॉक्टरच ठरवतात. पायात कमजोरी, जांघेत बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, ताप किंवा वजन घटणं यांपैकी काही पाठदुखीबरोबर असेल, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

आईला पट्टा लावून लवकर उठवलं, चालवलं. पडून राहिलं तर हाड आणखी लवकर विरघळतं. औषध सुरू केलं. तीन महिन्यांत ती ओट्यावर जाऊन बसायला लागली. उंची गेली ती परत आली नाही. बायकोने तिच्या साड्यांना खालून टीप घालून दिली.

पुढच्या श्रावणात तिने पुन्हा औंढ्याचं नाव काढलं. मीच टाळाटाळ केली. शेवटी तिला पुढच्या सीटवर बसवून, पाठीशी लहान उशी ठेवून निघालो. तोच स्पीडब्रेकर आला. मी जवळजवळ थांबून गाडी चढवली. पुढची चाकं उतरली, मागची उतरली, एकदा हललो आणि गाडी शांत झाली.

आई म्हणाली, "एवढं हळू? मागून लोक हॉर्न देऊन राहिले."

देऊ देत म्हटलं.